'मैं पायल दी थी' म्हणणारीला हसू नका

महोदय,

माझी सून साताऱ्याची. इंदूरच्या सराफ्यात ती 'मैंने'ऐवजी म्हणाली, 'मैं कल पायल दी थी', तर दुकानदारासोबत आपले मराठी शेजारीही हसले. फार वाईट वाटलं. हिंदीत 'मैंने' कानावर पडताच झालेल्या कामाचं क्रियापद येणार, हे आधीच उमगतं. मराठीत 'मी पोळी खाते' आणि 'मी पोळी खाल्ली', दोन्हीकडे 'मी' तोच, उलगडा शेवटी. 'त्याने'ला ने आहे, 'मी'ला नाही. बाळपणापासूनची ही घडण हिंदी बोलताना, ऐकताना डोकावणारच. इथंच वाढलेला नातू उलट 'मीने खाल्ली' म्हणतो! मराठी वर्गात त्यालाही हसू नये. 'मैंने'चं हिंदी आणि 'मी'चं मराठी, अशी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहून दाखवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, इंदूर