प्रत्येक घाम उन्हाचा नसतो

उन्हाळ्यातील काळजीविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख उपयुक्त आहे. मात्र त्यात रजोनिवृत्तीच्या, म्हणजे पाळी कायमची थांबण्याच्या काळातील, पंचेचाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांचा उल्लेखही नाही, हे खटकले. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा एखाद्या बाईचा चेहरा, मान, छाती अचानक तापली, घामाने ब्लाऊज भिजला आणि पाठोपाठ हुडहुडी भरली, तर घरचे एवढेच म्हणतात, ‘ऊन बाधलं, कांद्याचा रस लाव, पन्हं घे.’ पण हेच डिसेंबरच्या थंडीत, मध्यरात्री होते तेव्हा काय?

रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाल्याने मेंदूतील तापमान नियंत्रणाचे केंद्र जरा जास्तच संवेदनशील होते. शरीराला किंचितशी ऊब वाढली तरी ते घाम फोडते. एक झटका काही मिनिटांचा असला, तरी हा त्रास अनेकींना सात वर्षांहून अधिक काळ होतो. इतकी वर्षे मोडलेली झोप घेऊन बाई नोकरी आणि स्वयंपाकघर दोन्ही सांभाळते, आणि घरात तिला चिडकी ठरवले जाते. हे मला फार अन्यायाचे वाटते.

सुती कपडे घालणे, गरम चहा व तिखट कमी करणे यांनी काहींना आराम पडतो. त्रास जास्त असेल तर हार्मोन उपचार प्रभावी आहेत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांसाठी हार्मोनविरहित औषधेही आहेत. निवड स्त्रीरोगतज्ज्ञांनीच करावी. उष्माघाताच्या जनजागृतीसाठी महापालिका दरवर्षी जी पत्रके काढते, त्यांत याविषयी चार ओळी छापाव्यात आणि आशाताईंनी घरोघरी त्याबद्दल विचारावे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर