मुलांच्या स्वभावापेक्षा त्यांची तयारी पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोठ्यांचा धाक सुटला की मुले एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आपल्या पुरवणीतील लेखात सिद्ध सत्यासारखे मांडले आहे. प्रत्यक्ष घडलेल्या घटना तसे सांगत नाहीत.

जून १९६५ मध्ये प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपदेशातील एका निवासी शाळेची सहा मुले होडी पळवून निघाली. वादळात सापडून आठ दिवस भरकटली आणि अता या निर्जन बेटाला लागली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली, तेव्हा सहाही जण धडधाकट होते. ती कशी तगली? मुले मुळात गुणी होती, एवढ्यावर हे उत्तर संपत नाही. त्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून बाग, स्वयंपाक आणि पहारा यांच्या पाळ्या लावल्या होत्या. ओंडके कोरून त्यांत पावसाचे पाणी साठवले. आग एकदा पेटली ती वर्षाहून अधिक काळ विझू दिली नाही. एकाचा पाय मोडला, तेव्हा काठ्या आणि पाने बांधून तो सरळ ठेवला आणि त्याच्या वाटचे काम बाकीच्यांनी उचलले. भांडण झाले की दोघांनी दोन दिशांना जायचे, चारेक तासांनी परत येऊन एकमेकांची माफी मागायची. मला यात ही शेवटची रीत सर्वांत मोलाची वाटते. राग निवायला वेळ मिळतो, पण परतणे ठरलेलेच असते. त्यामुळे गट फुटत नाही. बेटानेही साथ दिली, हेही सांगायला हवे. तिथे १८६३ पर्यंत वस्ती होती, म्हणून अळू, केळी आणि कोंबड्या मिळाल्या. नुसत्या एकोप्याने पोट भरले नसते.

मग मुले एकमेकांवर उठतात ती केव्हा? मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. बक्षिसांच्या स्पर्धा सुरू होताच झेंडे जाळणे आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणे सुरू झाले. पण गट पाडणारी आणि बक्षिसे ठेवणारी मोठी माणसेच होती! पुढे पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक अडकला, आणि सर्वांनी मिळूनच काम केल्याशिवाय सुटका नाही असे झाल्यावर वैर ओसरू लागले. त्याआधी शेरीफ यांच्याच १९५३ च्या शिबिरात गट पाडण्याआधीच मुलांची मैत्री झाली होती. तिथे त्यांना भडकावण्याचा डाव फसला.

कोलंबियात १ मे २०२३ रोजी विमान कोसळल्यावर चार भावंडे ४० दिवस जंगलात तगली. थोरली बहीण १३ वर्षांची, धाकटे मूल अकरा महिन्यांचे. विमानातले कसाव्याचे (ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याचे) पीठ आणि ओळखीची रानफळे यांवर त्यांनी दिवस काढले. कोणते फळ खावे, हे जंगलातल्या आदिवासी घरात आधीच शिकून झाले होते. मात्र ती चालत राहिल्याने शोध लांबला. शेवटी सापडली ती अपघाताच्या जागेपासून सुमारे पाच किलोमीटरवर. शोधपथक एकदा त्यांच्या अगदी जवळून निघून गेले असावे, असे सेनाधिकाऱ्यांनी नंतर सांगितले.

म्हणून मुलांना आधी शिकवायचे ते हे: वाट चुकली असे कळले, त्याच क्षणी थांबायचे. उघड्यावर, लांबून दिसेल अशी भडक वस्तू टांगायची. थांबून-थांबून तीन-तीन शिट्ट्या द्यायच्या. हाक आली की अनोळखी असली तरी ओ द्यायची. घाबरलेले मूल बचाव पथकापासूनही लपते, कारण अनोळखी माणसाशी बोलू नये एवढेच आपण त्याला शिकवलेले असते. समुद्राचे पाणी प्यायचे नाही. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाकायची, नाहीतर ती चिघळून उभे राहणेही मुश्कील होते.

शिबिरे घेणाऱ्यांना विनंती, की चषकांच्या शर्यतींतला निदान एक दिवस कमी करावा. त्या दिवशी मुलांच्या हाती पाणी, चूल आणि निजायची जागा सोपवून पाळ्या त्यांनाच लावू द्याव्यात. मोठ्यांनी हाकेच्या अंतरावर राहावे आणि भांडण झाले तरी लगेच मध्ये पडू नये.

आपला,
एक वाचक