पाण्यातला पाया

स्लाऊ, १६ जून

प्रिय सुध्या,

स.न.वि.वि. लिहिलं तर तू पत्र न वाचताच परत पाठवशील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. काल तू बरोबर हवा होतास.

लेकीला रजा नव्हती आणि गाड्या बदलत फिरणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. तिनेच दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवून दिली. भाडं विचारू नकोस, पौंडांचे रुपये करणं मी सोडून दिलंय. ठरलं असं, की सॉल्सबरी आणि विंचेस्टर ही दोन कॅथीड्रलांची गावं बघायची आणि रात्री जेवायला घरी.

ड्रायव्हर साठीचा, मूळचा पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडचा. मी मागे बसायला गेलो तर म्हणाला, "आगे आइए, बातें करेंगे." त्याच्या वडिलांचं गाव १९६० च्या दशकात मंगला धरणाखाली गेलं. त्या भागातली कितीतरी माणसं तशीच उठून इंग्लंडला आली. मी त्याला उजनीचं सांगितलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की कसं वर येतं, तेही. तू उजनीवर इंजिनिअर होतास म्हटल्यावर हसला, "तो आपके दोस्त ने डुबोया!" मग बराच वेळ गप्प. वाट थोडी वाकडी करून त्याने मला रस्त्यावरूनच स्टोनहेंज, ते प्राचीन उभ्या दगडांचं कडं, दाखवलं. लांबून बघितलं तेवढं पुरे झालं.

सॉल्सबरीचा कळस १२३ मीटर, अख्ख्या ब्रिटनमध्ये सगळ्यात उंच. पण तुला सांगायची गोष्ट खालची आहे. बांधकाम १२२० साली सुरू झालं, मुख्य इमारत १२५८ पर्यंत उठली, आणि मागाहून, चौदाव्या शतकात, कुणाच्या तरी मनात आलं की वर मनोरा आणि कळस चढवू. साडेसहा हजार टनांचं ओझं! आपल्याकडे परवानगी दोन मजल्यांची आणि बांधतात चार, त्यातला प्रकार. मधल्या खांबांना टेकून मान वर केली की ते वाकलेले उघड्या डोळ्यांनी दिसतात. पाया जेमतेम सव्वा मीटर, त्याखाली गोट्या-वाळूचा थर आणि त्यात पाणी. फरशीतल्या भोकातून काठी घालून पाण्याची पातळी बघतात. विहिरीत बघावी तशी!

मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद. तिच्या १२१५ सालच्या मूळ प्रतींपैकी चार उरल्या, त्यातली एक तिथे आहे. एका चामड्यावर लॅटिन मजकूर, अक्षरं मुंगीएवढी, जागा वाचवायला शब्द तोडलेले. मला आपलं मोडी आठवलं. तिथून जवळच १३८६ चं म्हणतात ते घड्याळ आहे. त्याला तबकडीच नाही, नुसते ठोके देतं.

विंचेस्टरला पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. ड्रायव्हर म्हणाला, मी गाडीत थांबतो. कितीतरी वर्षं तो इथे माणसं आणतोय आणि एकदाही आत गेलेला नाही. "मेरा काम पार्किंग तक." मी ऐकलं नाही, त्याचंही तिकीट काढलं.

जेन ऑस्टेनची कबर आत आहे. दगडावर तिचे सद्गुण भरभरून आहेत, पण ती कादंबऱ्या लिहायची याचा उल्लेख नाही. मात्र आम्ही दोघे रेंगाळलो ते पाणबुड्याच्या पुतळ्यापाशी.

ही इमारत १०७९ पासूनची, दलदलीवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंती कलायला लागल्या. पायाखाली खणलं की खड्ड्यात पाणी भरायचं, आणि उपसावं तर पाण्याबरोबर मातीही निघून भिंतच खाली यायची भीती. तू काय केलं असतंस? त्यांनी पाणबुड्या उतरवला. विल्यम वॉकर. १९०६ ते १९११, रोज तासन् तास, सहा मीटर गढूळ पाण्यात, हाताला हात दिसत नाही अशा अंधारात, नुसतं चाचपून त्याने तळाशी काँक्रीटच्या पंचवीस हजारांवर गोण्या रचल्या. तळ असा बंद झाल्यावर पाणी उपसलं आणि गवंड्यांनी वर काम केलं.

आता गंमत ऐक. १९६४ साली त्याचा पुतळा बसवला, आणि चेहरा निघाला त्या कामावरच्या इंजिनिअरचा, फ्रान्सिस फॉक्सचा! फोटोत माणूस ओळखायला चुकले. खरा वॉकर यायला २००१ उजाडलं. मी हे ड्रायव्हरला सांगितलं. तो पुतळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सैंतीस साल किसी ने टोका नहीं?"

परतताना तो आपणहून बोलायला लागला. वडिलांना गावच्या विहिरीचं पाणी आठवायचं म्हणे, घर नाही.

सुध्या, तुझ्याकडे उजनीचा तो काळा-पांढरा फोटो आहे ना, तू हेल्मेट घालून मधे उभा आहेस तो? तुझ्या डावीकडे लुंगी नेसलेला माणूस आहे. त्याचं नाव काय होतं? आठवलं तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा