निळ्या आकाशातला निळा फुगा: बाई, तुमचे मनापासून आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण इतर आईबाबांनी आणि लहान मुलांना चित्रकला शिकवणाऱ्यांनीही ते वाचावं असं फार वाटलं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

माझी लेक तुमच्याकडे आली तेव्हा तिने रंगवणंच सोडलं होतं. पुस्तक उघडायची, पान निवडायची आणि खडू माझ्या हातात द्यायची. "आई, तू रंगव. माझं बाहेर जातं." एवढ्याशा पोरीच्या तोंडून हे ऐकताना पोटात तुटायचं.

आधीच्या वर्गातून घरी येणारी चित्रं देखणी असायची. पंखांवरचे ठिपके अगदी मापात, ढगांच्या कडा मऊ पुसलेल्या. पण त्यात तिचं काहीच नसायचं. रंग रेषेबाहेर गेला की तिथले शिक्षक तिच्या हातून खडू काढून घ्यायचे आणि चित्र स्वतः पुरं करून द्यायचे. एकदा आकाशातला फुगा तिला निळा हवा होता. "आकाश निळं, फुगाही निळा? दिसेल का काही?" असं सगळ्या मुलांसमोर म्हणून तिच्या निळ्यावर लाल रंग फासला. मूल रंगवायला शिकावं म्हणून पाठवायचं आणि तिथे मुलाच्या हातात खडूच राहू द्यायचा नाही, याचा मला आजही राग येतो.

तुम्ही तिला तसंच चित्र दिलंत. आकाश, ढग, हसरा सूर्य, फुलपाखरू आणि खाली टोपली असलेला मोठा फुगा. त्याच चित्राची दुसरी प्रत घेऊन तुम्ही तिच्या शेजारी जमिनीवर बसलात. तिने निळा खडू उचलला आणि भीतभीत तुमच्याकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या माझा जीव वरखाली होत होता. तुम्ही म्हणालात, "निळा फुगा? अगं, माणसांना घेऊन पहिल्यांदा मोकळा उडाला तो फुगा निळाच होता, वर सोनेरी नक्षी!" घरी येऊन मी वाचलं: नोव्हेंबर १७८३, पॅरिस, मोंगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा. खरंच निळा आणि सोनेरी.

मग निळ्यात निळा दिसावा कसा, तेही तुम्ही दाखवलंत, पण स्वतःच्या कागदावर. वरच्या कडेला खडू दाबून, खाली येता येता हात हलका, क्षितिजाशी जवळजवळ पांढरं. "बाहेर जाऊन बघ, आकाश डोक्यावर गडद आहे का खाली?" ती पळत जाऊन बघून आली आणि फुग्यामागचं आकाश तिने फिकं ठेवलं. फुगा उठून दिसला.

फुलपाखराशी मात्र अडलं. आकाशाचा निळा पंखांवरही गेला होता, त्यावर पिवळा फिरवला आणि पंख हिरवा झाला. तिने पटकन त्यावर तळहात ठेवला. हा तळहात मला चांगला ओळखीचा आहे. पुढे रडणं येतं आणि कागद चुरगळला जातो.

बाई, तुम्ही तिला हात काढायला सांगितलं नाहीत. तुम्ही तुमच्या फुलपाखरावर निळा लावलात, वर पिवळा घासलात आणि म्हणालात, "हे बघ, माझंही हिरवं झालं." मग नखाने थोडा रंग खरवडून पाहिलात. दुसऱ्या पंखाला आधी पिवळा भरलात आणि निळा कडेपर्यंतच आणून थांबवलात. ती बघत राहिली आणि कधीतरी तिने आपणहून तळहात उचलला. पूर्ण वेळ तुमचा हात तिच्या कागदावर एकदाही गेला नाही.

मला आभार मानायचे आहेत ते याचेच. तुम्हाला ते फुलपाखरू मिनिटभरात सुंदर करून देता आलं असतं. स्वतःला येत असतानाही हात आवरायला केवढा संयम लागतो, समोरच्या लहान जिवाबद्दल केवढा आदर लागतो! कुणाचं काम त्याच्याच हातात राहू देणारी माणसं घरात, शाळेत, कचेरीत कुठेही भेटली तरी मला ती थोर वाटतात. त्यांचं कुणी कौतुक करत नाही, कारण त्यांनी केलेलं काही डोळ्यांना दिसत नाही.

तिच्या चित्रात फुलपाखराचा एक पंख हिरवा आहे, दुसरा पिवळा. दोन्ही सारखे हवेत, असं तुम्ही म्हणाला नाहीत आणि घरीही मी कुणाला म्हणू दिलेलं नाही. सूर्याचा रंग रेषेबाहेर गेला आहे. "किरणं आहेत ती," असं ती स्वतःच सांगते.

आता ती मला खडू देत नाही. तिच्या शेजारी बसायचं असेल तर मी माझं वेगळं पान घ्यायचं, असा तिचा नियम आहे. पुढच्या वर्गाला ती येतेच आहे. तुमच्यासाठी तिने एक चित्र काढायला घेतलंय, ते तीच आणून देईल.

तुमची ऋणी,
एक आई