आयुष्यात एकदाच करायच्या रक्तचाचणीसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

सरकारी आरोग्य तपासणीत कोणत्या रक्तचाचण्या असाव्यात, हे आपलं खातं ठरवतं. त्या यादीत लायपोप्रोटीन (ए) या रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची चाचणी घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. बहुतेकांना ती आयुष्यात एकदा केली की पुरते.

मी प्रयोगशाळेत काम करते. ऐन तरुण वयात हार्ट अटॅक आलेल्या माणसाचे नातेवाईक कधी कधी त्याचा जुना रिपोर्ट घेऊन येतात. एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, एलडीएल; सगळे आकडे मर्यादेत, एकही ठळक छापलेला नाही. ‘सगळं नॉर्मल होतं, मग असं झालंच कसं?’ असं ते विचारतात. त्या कागदावर उत्तर नसतं. काहींच्या बाबतीत ते कधीच न केलेल्या चाचणीत असतं, आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

लायपोप्रोटीन (ए) हा कण एलडीएलसारखाच, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणासारखाच असतो, फक्त त्याला आणखी एक प्रथिन चिकटलेलं असतं. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी तो १९६३ मध्ये शोधला. त्याची पातळी मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकावर ठरते. पथ्य-व्यायामाने ती फारशी हलत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधानेही उतरत नाही. जगात साधारण पाचातल्या एकाची पातळी वाढलेली असते. त्यातून रक्तवाहिन्यांत थर साचतात, शिवाय हृदयाची महाधमनीकडची झडपही अरुंद होऊ शकते.

२०२४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २८ हजार निरोगी स्त्रियांच्या रक्तातलं एलडीएल, सूज दाखवणारं एचएस-सीआरपी आणि लायपोप्रोटीन (ए) सुरुवातीला एकदाच मोजलं होतं, आणि मग ३० वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. तिन्ही घटकांनी पुढचा धोका स्वतंत्रपणे दाखवला. तिन्ही वाढलेले असलेल्यांना तो सर्वांत जास्त होता. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ मध्ये प्रत्येक प्रौढाची ही चाचणी निदान एकदा करावी असं सुचवलं आहे.

आपले सल्लागार म्हणतील, ही पातळी कमी करणाऱ्या खास औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, ती औषधं हाती आली, की बघू. मला हे पटत नाही. पातळी जास्त आहे हे वेळेवर कळलं तर डॉक्टर एलडीएल आणि रक्तदाब लवकर आणि नेटाने आटोक्यात आणतात, तंबाखू सोडण्याचा आग्रह धरतात. आणि दोष जनुकातून येत असल्याने त्या माणसाची भावंडं आणि मुलंही तपासता येतात. एका नमुन्यातून अख्खं घर सावध होतं.

एक तांत्रिक गोष्ट मात्र फाइलमध्ये हरवू देऊ नका. या कणाला चिकटलेलं प्रथिन माणसागणिक लहानमोठं असतं. म्हणून मिलिग्रॅममध्ये वजन मोजलं तर कणांची खरी संख्या कळत नाही, ती नॅनोमोलमध्ये कळते, आणि एका एककाचा आकडा ठरावीक गुणकाने दुसऱ्यात नेमका बदलता येत नाही. चाचणीचे किट खरेदी करताना ‘प्रथिनाच्या आकाराचा कमीत कमी परिणाम होणारी पद्धत, निकाल नॅनोमोल प्रतिलिटरमध्ये’ ही अट निविदेतच घाला. नाहीतर दोन प्रयोगशाळांचे दोन आकडे येतील आणि रुग्ण कोणावर विश्वास ठेवणार?

याचा अर्थ सगळेच नवे मार्कर यादीत भरा असा नाही. साध्या सर्दी-तापानेही एचएस-सीआरपी चढतं. वाढलेलं आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीची खरी गरज छातीत दुखत असलेल्या रुग्णाला असते, धडधाकट माणसाच्या ‘पॅकेज’मध्ये ती घालून भीती तेवढी वाढते. आणि रक्तदाबाचा पट्टा सर्वांत आधी हवा. २००४ च्या ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण अशा नऊ बदलता येण्याजोग्या घटकांशी पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा जवळपास ९० टक्के भाग जोडलेला आढळला होता. नवी चाचणी या कामाच्या जोडीला हवी, त्याच्या जागी नको.

सुरुवात सगळ्यांपासून करणं जमत नसेल, तर ज्यांच्या घरात कमी वयात हार्ट अटॅक आला आहे त्यांच्यापासून करा. पुढच्या तपासणीच्या अर्जावर तो एक प्रश्न छापा, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याची ही चाचणी मोफत होईल असा आदेश काढा.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ