लेहला सायकल नेण्याआधी

पुणे, २० मे

प्रिय सुहास,

लेहचं तिकीट काढलंस, रजा मिळवलीस आणि वहिनींचा होकारही मिळवलास, म्हणजे अवघड घाट चढून झाला. आता राहिली सायकल.

विमानात टायर फुटेल का, असं विचारलं आहेस. नाही फुटत. सामान ठेवतात ती जागाही प्रवाशांच्या केबिनसारखीच दाबाखाली असते. विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आत ६,००० ते ८,००० फुटांवरची हवा. लेहचा विमानतळच जवळपास १०,७०० फुटांवर आहे, म्हणजे तुझ्या टायरला खरी विरळ हवा लागणार ती विमानातून उतरल्यावर! आणि समजा बाहेर अजिबात हवा नसती, तरी जादा ताण आला असता तो पंधराएक पीएसआयचा (टायरमधली हवा मोजतात ते दाबाचं माप). पण हे शास्त्र काउंटरवरच्या माणसाला ऐकवत बसू नकोस. तो हवा काढा म्हणणारच. घरूनच निम्मी काढून ने. पूर्ण मात्र नको, थोडी हवा असली की रिम वाचते.

भीती बाळगायचीच तर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हातांची बाळग. खोक्यावर चारी बाजूंनी ‘नाजूक’ लिही, बाण काढ, तरी ते कुठेतरी आडवं पडणार आणि त्याच्यावर कुणाची तरी गच्च भरलेली बॅग बसणार. हे धरूनच पॅकिंग करायचं. चाकं काढलीस की पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन पाय मोकळे राहतात, दाब आला की ते वाकतात. नवीन सायकलीच्या खोक्यात तिथे प्लास्टिकचा एक तुकडा अडकवलेला असतो. दुकानदार तो फेकून देतात, मागितलास तर हसत देतील. ब्रेकच्या पॅडमध्येही जाड पुठ्ठ्याची घडी सारून ठेव. तुझे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. वाटेत लीव्हर दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि लेहमध्ये चाकावरची डिस्क, म्हणजे ब्रेकची चकती, त्यांच्यामध्ये जात नाही. डिस्क काढता आल्या तर सरळ काढून कपड्यात गुंडाळ.

फ्रेमला गुंडाळायला एसीच्या पाइपवर चढवतात ते काळं फोमचं नळकांडं सगळ्यात बरं. बोहरी आळीत बघतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, काढण्याआधी उंचीच्या खुणेला इन्सुलेशन टेप लाव, नाहीतर गुडघे तक्रार करतील. नट, अ‍ॅक्सल वगैरे बारीकसारीक सगळं एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमलाच बांध. खोक्याला धरायला भोकं असतात, सुटे भाग त्यातूनच पसार होतात.

पेडल आदल्या दिवशीच सैल करून बघ. पंधरा नंबरचा पान्हा वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही बाजूंचं पेडल तसंच सुटतं. डावीकडचे आटे उलटे असतात ना. गंमत म्हणजे राइट बंधूंनी १९०० साली अशाच न सुटणाऱ्या पेडलची जाहिरात केली होती. विमान जन्मलं सायकलच्या दुकानात, आणि आज विमानवाले सायकल बघून कपाळाला आठ्या घालतात!

खोकं स्कॅनरमधून जाईल, कदाचित उघडतीलही. उघडणारा तुला ओळखत नाही, त्याला घाई असते. म्हणून आतली मांडणी अशी हवी की कुणीही दोन वस्तू उचलून परत तशाच ठेवू शकेल. झाकणाच्या आतून भरलेल्या खोक्याचा फोटो चिकटव आणि चिकटपट्टीचं रीळ वरच ठेव. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेत, पान्हे आणि मल्टिटूल खोक्यात. स्प्रेचा डबा आणि गॅसची काडतुसं घरीच राहू देत, हातपंप ने.

वजनाचं आधी फोन करून पक्कं कर. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो फुकट नेता येतं, आणि तुझी सायकल नि खोकं मिळूनच त्याच्या पुढे जाईल. सायकलसाठी वेगळे पैसे लावतात का, तेही विचार आणि उत्तर ईमेलवर माग. काउंटरवर तोंडी उत्तराला कुणी विचारत नाही.

लेहला उतरल्या उतरल्या जोडाजोडी करू नकोस. तिथे नुसतं वाकून हातपंप मारतानाही धाप लागते. पहिले दोन दिवस नुसता पडून राहा, पाणी पी, मग सावकाश एकेक भाग जोड. खारदुंगला खिंड लेहपासून चाळीसेक किलोमीटरच आहे, ती कुठे पळून जात नाही. वरच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, त्यावर विश्वास ठेवू नकोस, खरी उंची १७,५८२ च्या आसपास आहे. घरी सांगताना मात्र त्या पाटीचाच आकडा सांग. खोकं गेस्ट हाउसवाल्याकडे घडी करून ठेवायला दे, परतीला तेच लागणार.

शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला ये. खोकं मी आणून ठेवतो, तू चाकाचा आकार कळव. आणि मागचे गिअर बदलणारं डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्यावर अडकवलेलं असतं, त्या हँगरचा जवळून फोटो पाठव. डिरेलर सोडवून आत बांधलं तरी सगळ्यात आधी वाकतो तो हँगरच, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. लेहमध्ये तो मिळेल या भरवशावर जाऊ नकोस. इथे दोन दुकानांत विचारून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
मिलिंद