शेवंतीच्या कण्याचे बोल्ट

मुंबई

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

आईची तब्येत बरी आहे आणि माझा गुडघा जसा होता तसाच आहे. पत्र लिहितो आहे ते आपल्या होडीसाठी, शेवंतीसाठी. तिच्या कण्याचा, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईचा, पहिला बोल्ट काल निघाला आणि तेव्हापासून मला दुसरे काही सुचत नाही. घरात दाखवला, तर सगळ्यांना तो एक गंजलेला बोल्टच दिसला.

मढला ती ताडपत्रीखाली ठोकळ्यांवर उभी आहे. फळ्यांमधला जुना कापूस आणि लांबी उकरून झाली, तांब्याचे रिव्हेट एकेक तपासले, आणि नाळेजवळची एक फळी सोडली तर अप्पांनी निवडलेले सागवान अजून ठोकले की खणखणीत वाजते. त्याचे नवल नाही; मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज 1817 साली पाण्यात उतरले, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. माझा जीव टांगणीला लागला आहे तो लोखंडापायी.

बोल्टचा वरचा नट शाबूत होता, खालचे डोकेही शाबूत होते. रोज तेल पाजत राहिलो, कण्याखाली वाळूत खड्डा खणला, आणि मग दामूकाकांनी वरून घण घातला तेव्हा तो खाली सरकला. दोन्ही टोकांना तो अंगठ्याएवढा जाड आहे. पण लाकडी कणा आणि होडी कलंडू नये म्हणून त्याखाली या बोल्टांनी टांगलेले बिडाचे वजन जिथे एकमेकांना टेकतात, नेमक्या त्या बोटभर भागात झिजून पेन्सिलीएवढा उरला आहे, आणि तिथली काळी पूड नखाने निघते. दामूकाकांनी तो हातात फिरवून पाहिला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला. एवढ्याशा लोखंडावर ते वजन लोंबकळत होते आणि आपण मुलांना घेऊन मांडव्याला जात होतो, विनायका!

बाकीचे बोल्ट त्याच सांध्यातून गेलेले आहेत, त्याच खाऱ्या पाण्यात. इथला मिस्त्री म्हणतो, दारूखान्याच्या लोखंडबाजारातून स्टेनलेस स्टीलचे आणा, जन्मभर बघायला नको. मला ते मुळीच पटत नाही. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकायला हवा लागते; ओल्या लाकडात, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे तो आतल्या आत खड्डे पडून खचतो आणि बाहेरून चकाकतच राहतो. ब्राँझ उत्तम, पण ते शिशाच्या वजनाला. बिडात ब्राँझ घातले तर समुद्राच्या पाण्यात बीडच खाल्ले जाईल. म्हणून साध्या पोलादाचे, जस्ताचा जाड मुलामा दिलेले बोल्ट घालावेत आणि ठरावीक वर्षांनी एखादा काढून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. तळाला फायबरग्लास चढवण्याचा तुझा जुना हट्ट पुन्हा काढू नकोस. ते चढवले असते तर फळ्यांमध्ये मुरलेले पाणी आतच कोंडले असते. यावरून आपण वर्षभर अबोला धरला होता. अजून भांडायचे असेल तर समोर येऊन भांड.

दामूकाकांना त्या वजनाकडे पाहून रेवसची वाट आठवली. बोट लागून तू तळाशी पालथा पडला होतास आणि अप्पा म्हणाले होते, ‘वजन बरोबर जागी आहे, कोणी हलवू नका.’ आम्ही दोघेही पुष्कळ हसलो.

आता मुद्दा. सगळे बोल्ट काढायचे म्हणजे बीड खाली उतरवायचे, दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ करायचे, लाकूड नीट वाळू द्यायचे आणि सांधा नव्याने भरायचा. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड वाळत नाही, म्हणजे हे काम दिवाळीनंतरच हाती घेता येईल आणि यंदाचा हंगाम जवळजवळ जाईल. दोन-तीन बोल्ट बदलून ऑक्टोबरात शीड उभारता येईल, असा दामूकाकांचा मोह आहे, आणि तो मी समजू शकतो; या वयात एक हंगाम म्हणजे थोडा नव्हे. तरीही न पाहिलेल्या बोल्टांवर मी कोणाच्या मुलांना बसवणार नाही.

विशाखापट्टणम मानवले ना? वहिनींना नमस्कार, चिन्मयचे दहावीबद्दल अभिनंदन. त्याला सवडीने वेगळे लिहीन.

अप्पांनी होडी आपल्या दोघांच्या नावे केली आहे, तेव्हा तुझ्या संमतीशिवाय बिडाला हात लावणार नाही. बीड उतरवू की नको, तेवढे कळव. बोल्ट जपून ठेवला आहे. आलास की तुझ्या हातात देतो.

तुझा,
सदानंद